मांजर दोघांचं, दार एकीचं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठीत मांजरावरच्या म्हणींना तोटा नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपण म्हणतो, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार असं विचारतो, आणि मांजर आडवं गेलं की चांगली शिकलेली माणसंही दोन पावलं थबकतात. पण नवरा-बायको वेगळे झाले आणि घरातलं मांजर दोघांचंही असलं, तर काय करावं, हे सांगणारी म्हण काही मला आठवत नाही. आपल्या आजी-पणजीला तिची गरजच पडली नसावी. तेव्हा घटस्फोट विरळा, आणि मांजर कुणा एकाचं नसे. ते सगळ्या वाड्याचं असे. आता आमच्या कोथरूडमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटात, जाळी लावलेल्या गॅलरीत मांजर राहतं. त्याला नाव असतं, लसीचं कार्ड असतं, ठरलेले डॉक्टर असतात. आणि त्याच फ्लॅटांमधून संसारही मोडतात. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

मी कविता लिहिणारी बाई. शिक्षण बी. ए. मराठी. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण या प्रश्नाशी काही वर्षं माझा रोजचा संबंध आला, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

२०१३ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक भिजलेलं पिल्लू सापडलं. रंग अगदी साजूक तुपातल्या शिऱ्याचा. मी त्याला शिरा म्हणू लागले. माझ्या तेव्हाच्या यजमानांना ते नाव पसंत पडलं नाही. ते त्याला टायगर म्हणत. बोका दोन्ही नावांना ओ द्यायचा, विशेषतः स्वयंपाकघरातून मासळीचा वास येत असला तर. २०१९ मध्ये आम्ही मुबारातच्या रीतीनं, म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं, वेगळे झालो. मूल नव्हतं. कागद झाला, त्यात मेहरची रक्कम आली, दागिने आले, कपाट आणि शिलाई मशीनसुद्धा आलं. बोक्याबद्दल एक ओळही नव्हती. घर माझ्या नोकरीच्या कर्जातून घेतलेलं, माझ्या नावावर. तेव्हा मी कोथरूडलाच राहिले आणि ते कॅम्पात राहायला गेले. बोका जिथं होता तिथंच, फ्रिजवर बसून राहिला.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे मुलांसाठी १८९० सालचा पालक आणि पाल्य कायदा आहे. आई-बाप वेगळे झाले, तर मुलाचं हित कशात आहे हे न्यायालय पाहतं. पाळीव प्राण्यासाठी असा कायदा नाही. कायद्याच्या नजरेत कुत्रं-मांजर ही मालमत्ता, टेबल-खुर्चीच्या रांगेतली. मात्र १९६० साली प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याचं तिसरं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीत असेल, त्यानं त्याच्या सुखरूपतेची काळजी घेतली पाहिजे आणि त्याला विनाकारण त्रास होऊ देता कामा नये, असं ते सांगतं. म्हणजे विकत कुणी घेतला, पावती कुणाच्या नावावर आहे, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. जो सांभाळतो, त्याच्यावर कर्तव्य येतं.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सांगते. २०२३ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे एका पत्नीचा अर्ज होता, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली. तिनं दरमहा ७० हजार रुपयांची पोटगी मागितली होती, आणि आपल्यावर तीन रॉटवायलर कुत्री अवलंबून आहेत हेही कारणांमध्ये सांगितलं होतं. कुत्र्यांचा खर्च पोटगीत कसा धरता येईल, अशी पतीच्या बाजूनं हरकत होती. न्यायालयानं ती मानली नाही. पाळीव प्राणी हा चांगल्या राहणीचा भाग आहे, आणि नाती तुटल्यावर मनात जी पोकळी होते ती भरून काढायला त्यांची मदत होते, अशा आशयाचं मत देऊन दरमहा ५० हजार रुपयांची अंतरिम पोटगी मंजूर झाली. कुत्री कोणी ठेवावीत हा वाद तिथं नव्हता. तरीही मोडलेल्या संसाराच्या हिशेबात मुक्या प्राण्याला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

बाहेरच्या देशांत पाऊल याहून थोडं पुढे पडलं आहे. अमेरिकेतल्या अलास्का राज्यानं २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये न्यायाधीशांना घटस्फोटात पाळीव प्राण्याचं हित पाहण्याची मुभा दिली. स्पेनमध्ये जानेवारी २०२२ पासून प्राणी ही वस्तू नसून संवेदना असलेला जीव आहे, असं दिवाणी कायदाच म्हणतो. त्याची देखभाल आणि भेटी ठरवताना कुटुंबाबरोबर त्याचंही हित पाहावं लागतं. इंग्लंडमध्ये प्राणी अजून मालमत्ताच आहे. तरीसुद्धा तिथल्या एका कौटुंबिक न्यायालयानं २०२४ मध्ये एका गोल्डन रिट्रीव्हर कुत्रीचा निवाडा करताना, खरेदी कुणी केली यापेक्षा तिला रोज सांभाळतं कोण आणि ती आपलं घर कुठलं मानते, याला महत्त्व दिलं. कुत्री पत्नीकडे राहिली.

पण श्रोतेहो, न्यायालय फार तर प्राणी कुणाकडे राहील ते सांगेल. रविवारी दुपारी दाराची बेल वाजली, तर दार किती उघडायचं, ते कोण सांगणार?

वेगळे झाल्यावर पहिल्या महिन्यात माझ्या पूर्वीच्या यजमानांनी सुचवलं की बोका एक महिना इकडे, एक महिना तिकडे राहू दे. ऐकायला हे अगदी न्यायाचं वाटतं. कुत्र्याच्या बाबतीत एखाद्या वेळी जमूनही जातं, कारण कुत्र्याचा जीव माणसात गुंतलेला असतो. मांजराचा जीव माणसाइतकाच जागेत गुंततो. ते घराच्या कोपऱ्याकोपऱ्याला गाल घासून आपला वास लावतं आणि त्या वासाच्या आधारानं निर्धास्त झोपतं. कॅम्पातल्या घरी बोका कपाटामागे जाऊन बसला. तीन दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. मांजर, त्यातून लठ्ठ मांजर, असं उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चौथ्या दिवशी ते स्वतःच त्याला टोपलीत घालून घेऊन आले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं दोघांची वाटणी आणि तिसऱ्याला उपास, असं झालं.

म्हणजे बोका माझ्याकडे राहणार, हे बोक्यानंच ठरवलं. खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. ते त्याला भेटायला येऊ लागले. प्रेमानं यायचे, येताना बोंबील आणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण कधी मंगळवारी रात्री नऊला यायचे, कधी भल्या सकाळी. घराची एक किल्ली त्यांच्याकडे राहिली होती. मी कामावर असताना ते येऊन जात. संध्याकाळी आले की टीपॉयवरचे कागद हललेले दिसत. मग फोन येई, "काल ते पाहुणे कोण होते? टायगर घाबरला असेल." बोक्याच्या नावानं प्रश्न मला असे. बोक्याच्या नावानं जुनी भांडणंही उघडत. त्याचं वजन कमी झालं तर माझं लक्ष नाही, आणि वाढलं तर माझे लाड. एकदा मी स्पष्ट बोलले, तेव्हा ते म्हणाले, "मी मांजराला भेटायला येतो, तुला नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही मांजराच्या वेळेला या. माझ्या वेळेला येऊ नका."

लोकांचं म्हणणं दोन्हीकडून असे. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "अहो, घेऊन जाऊ द्या की त्यांना. मूल थोडंच आहे?" माझे भाईजान म्हणायचे, "येऊ दे बिचाऱ्याला, तेवढाच त्याचा जीव रमतो." दोघांच्याही मनात माझ्याविषयी मायाच होती. पण कोथरूडमध्ये एकटी राहणारी बाई, तलाक झालेली, त्यातून पाटीवरचं आडनाव शेजारपाजारच्या आडनावांत न बसणारं. तिच्या दारी कोण कधी आलं याची नोंद जिन्यात नकळत होत असते. ज्या माणसाशी माझा आता काही संबंध नाही, तो माझ्या घरात किल्लीनं शिरतो, याचं उत्तर बोका देणार नव्हता. ते मलाच द्यावं लागणार होतं.

२०२१ च्या जानेवारीत एक रात्र आली. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुनःपुन्हा जाऊन बसत होता आणि कण्हत होता. बोक्यांमध्ये लघवीचा मार्ग अडकण्याचं दुखणं असतं. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मी त्याला घेऊन दवाखान्यात पोचले. भूल द्यायची होती, नळी घालायची होती, संमतीच्या कागदावर सही हवी होती. तिथल्या मुलीनं विचारलं, "मालक कोण?" मी माझं नाव सांगितलं आणि सही केली. तेवढ्यात त्यांचा फोन आला. मी कळवलंच होतं. ते म्हणाले, "मी येईपर्यंत भूल देऊ देऊ नकोस, दुसऱ्या डॉक्टरांना विचारू." कॅम्पातून कोथरूडला यायला रात्रीसुद्धा वेळ लागतोच. टेबलावर जनावर तळमळत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काम सुरू करायला सांगितलं. बोका वाचला. यजमान अर्ध्या तासानं आले आणि काही न बोलता बाकावर बसून राहिले. बिलाचे निम्मे पैसे त्यांनी दिले.

माझी नानी आम्हाला लहानपणी एक गोष्ट सांगायची. हदीसमधली आहे, पुष्कळांना ठाऊक असेल. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. तिनं त्याला खायला दिलं नाही, आणि बाहेर जाऊन त्याचं त्यानं काही पकडून खावं म्हणून सोडलंही नाही. ते मांजर मेलं, आणि तेवढ्या एका पापापायी त्या बाईला शिक्षा झाली. नानी शेवटी बोट वर करून म्हणायची, "देणं नाही, सोडणंही नाही, यापेक्षा वाईट काही नाही." त्या रात्री दवाखान्यातल्या बाकावर मला ही गोष्ट आठवली. माणसांचं भांडण हीसुद्धा एक कोंडायची खोली असते. मी नीट देत नाही, तो सोडत नाही, तो देत नाही, मी सोडत नाही, आणि मध्ये मुकं जनावर.

दुसऱ्या आठवड्यात मी कागद घेतला आणि अटी लिहून काढल्या. आम्ही घरात दखनी बोलायचो. अटी मात्र मराठीत लिहिल्या, कारण माझ्या हिशेबाची भाषा मराठी आहे. त्या अशा होत्या. बोक्याचं घर एकच, कोथरूडचं. भेट एक रविवार सोडून एक, सकाळी दहा ते साडेअकरा. येणार असल्यास आदल्या रात्रीपर्यंत निरोप. हुकलेल्या भेटीची भरपाई मधल्या वारी नाही. किल्ली परत. भेट बाहेरच्या खोलीत. त्या दीड तासात बोलणं बोक्याविषयीच. खाणं, औषध, वजन. माझे पाहुणे, त्यांचे नातेवाईक, जुना पैसा, यांतलं काही नाही. रोजचं खाणं आणि वार्षिक लस माझ्याकडे, मोठ्या आजाराचा खर्च निम्मा निम्मा. तातडीच्या वेळी जो जवळ असेल त्यानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं निर्णय घ्यायचा आणि दुसऱ्याला लगेच कळवायचं. फोनवरून अडवायचं नाही. आठवड्यातून एकदा मी खुशालीचा निरोप पाठवेन, रोजचे फोटो नाहीत.

त्यांनी कागद दोनदा वाचला. किल्लीच्या ओळीवर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "एक माझंही लिही." त्यांची अट अशी होती की मी पुणं सोडून कुठं गेले आणि बोक्याला नेणं जमलं नाही, तर तो दुसऱ्या कुणाला देण्याआधी त्यांना विचारायचं. ती अट वाजवी होती. मी लिहिली. किल्ली त्यांनी जुडग्यातून काढून टीपॉयवर ठेवली.

सीमा आखली की ती लगेच पाळली जाते, असं नाही. तिसऱ्याच महिन्यात ते एका बुधवारी आले. मी आतलं दार उघडलं, जाळीचं दार बंद ठेवलं आणि म्हटलं, "आज बुधवार आहे." ते म्हणाले, "पाच मिनिटं." मी म्हटलं, "रविवारी या." बोका माझ्या पायाशी येऊन जाळीपलीकडे पाहत होता. त्यानं त्यांना ओळखलं, शेपूट उभी केली. खरं सांगते, ते पाच मिनिटांचं दार उघडणं सोपं होतं आणि न उघडणं फार जड गेलं. पण त्या दिवशी उघडलं असतं, तर कागदावरचं प्रत्येक वाक्य पाच-पाच मिनिटांनी मागे गेलं असतं. ते गेले. रविवारी दहा वाजता आले. त्यानंतर वार चुकला नाही.

या सगळ्यातून मला कळलं ते इतकंच. त्यांचं आणि बोक्याचं नातं वेगळं, त्यांचं आणि माझं नातं वेगळं. दुसरं संपलं म्हणून पहिलं संपवायचा हक्क मला नाही. आणि पहिलं शिल्लक आहे म्हणून दुसरं मागच्या दारानं आत आणायचा हक्क त्यांना नाही. हे दोन धागे वेगळे केले, तर राग कमी होतो, कारण कोणत्या गोष्टीवर रागवायचं ते नेमकं समजतं. सीमा म्हणजे सूड नव्हे. प्राण्याला भेटूच द्यायचं नाही, त्याच्या आजाराची खबर द्यायची नाही, तुझ्यामुळे तो खंगला असं ऐकवायचं, हा सूड झाला. वेळ, जागा आणि विषय ठरवणं ही सीमा. फरक ओळखायची खूण सोपी आहे. सीमेमुळे जनावराचं खाणं-झोपणं सुरळीत होतं, सुडामुळे ते बिघडतं.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आहे, त्यांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. वेगळं व्हायचं कागदोपत्री ठरत असेल, तर प्राण्याचा उल्लेख त्याच कागदात करा. परस्परसंमतीच्या अर्जात ज्या अटी लिहिता, त्यांत तो कुणाकडे राहील, खर्च कोण करील, भेटी कशा, हे घालता येतं. वकिलांना तसं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. पुण्यात १९८९ पासून कौटुंबिक न्यायालय आहे, तिथं समुपदेशक असतात. त्यांच्यापुढे हा विषय काढायला लाजू नका. कुत्रा असो की मांजर, महापालिकेचा परवाना, लसीचं कार्ड आणि दवाखान्यातली नोंद, हे सगळं ज्याच्याकडे प्राणी राहतो त्याच्या नावावर करून घ्या. मध्यरात्री टेबलापाशी "मालक कोण?" या प्रश्नाला एकच उत्तर असावं. वाटणी करताना दोघांच्या समाधानाचा हिशेब नंतर करा. आधी प्राण्याचा स्वभाव पाहा. त्याला दोन घरं झेपतील की नाही, हे चार दिवसांत त्याच्या ताटलीवरून कळतं. आणि जिथं मारहाणीचा, धमकीचा इतिहास असेल, तिथं भेटीचे रविवार ठरवायच्या भानगडीत पडू नका. तिथं आधी स्वतःची सुरक्षितता, मग बाकी सगळं.

एक अट आम्ही मागाहून, दोघांच्या संमतीनं घातली. बोका आता म्हातारा झाला आहे. फ्रिजवर उडी मारणं बंद झालं, मी खाली स्टूल ठेवते. एक दिवस असा येणार, की डॉक्टर म्हणतील, आता त्याला त्रासातून सोडवा. त्या दिवशी वार पाहायचा नाही. दुसऱ्याला कळवायचं, आणि जनावराला यातना नसतील तर तो येईपर्यंत थांबायचं. यातना असतील तर थांबायचं नाही. हे वाक्य लिहिताना आमच्यापैकी कुणीच आवाज चढवला नाही.

तेव्हा असा कागद तुमच्याही घरी लागणार असेल, तर रागाच्या दिवशी लिहू नका. थोड्या शांत दिवशी लिहा. दोन प्रती करा, दोघांनी सह्या करा, आणि एक प्रत लसीच्या कार्डाबरोबर ठेवा. दवाखान्यात जाताना ते कार्ड हाताशी असतंच.